आबांनी सीटना खोबरेल पाजलं! (गाडीच्या लेदर सीटचं काय करू?)

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. वाहन विभागात पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

मे महिन्यात पुण्याहून सेकंडहँड सेडान घेतली. २०१७ची, आतून बेज रंगाच्या सीट. विकणारा 'प्युअर लेदर आहे मॅडम' असं तीनदा म्हणाला. आम्ही चिपळूणला राहतो. जूनच्या शेवटी तीन आठवडे आम्ही दोघं बाहेरगावी होतो, गाडी शेडमध्ये बंद. घरी सासरे, म्हणजे आबा, एकटेच. आबा मूळचे कोल्हापूरचे. पायातल्या चपलांना तेल पाजणं हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. सीट कोरड्या पडल्यात असं वाटून त्यांनी बरणीतलं खोबरेल घेतलं आणि झाडून सगळ्या सीटना चोळलं. स्टिअरिंगलाही.

परत येऊन दार उघडलं तर खवट वासाचा भपकारा. सीटच्या पाठींवर पांढरट-हिरव्या बुरशीच्या टिकल्या, शिवणीच्या कडेने काळी रेघ. तशीच टॉवेल टाकून बसले. उतरले तेव्हा टॉवेलवर तेलाचा नकाशा.

आबांना एका शब्दाने बोललेलो नाही, पण त्यांना कळलंय. दोन दिवस गप्प आहेत. इथल्या एका कार डिटेलिंगवाल्याने (गाडी आतून-बाहेरून साफ करून चकाचक करून देतात ते) फोनवरच साडेनऊ हजार सांगितले, 'सिरॅमिक कोटिंगसकट'. घरी काही होण्यासारखं आहे का?

उंडगा

आबांना दंडवत _/\_ गाडीला अभ्यंगस्नान घालणारा पहिला माणूस.

(गंभीर प्रतिसाद जाणकार देतीलच. मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.)

टाकेदार

ताई, घाबरू नका. मी पुण्यात नाना पेठेच्या बाजूला कुशनचं काम करतो, पंचवीस वर्षं झाली. याहून वाईट बघितलंय. एकाने सीटला काळं बूट पॉलिश मारलं होतं आणि वर पांढरी पँट घालून लग्नाला गेला होता.

पहिलं काम, सीट नक्की कशाची आहे ते बघा. विकणारा काय म्हणाला ते विसरा. पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, खाली वाकून मोबाईलचा टॉर्च मारा. कव्हर जिथे दुमडून क्लिपमध्ये अडकवलेलं असतं तिथे कापलेली कड दिसते. कडेला लोकरीसारखे, कोशिंबिरीसाठी काकडी चोचवल्यासारखे रेशे दिसले तर चामडं. मागे विणलेलं जाळीदार कापड आणि त्यावर प्लास्टिकचा थर दिसला तर रेक्झिन. आमच्याकडे नाव काहीही असो, लेदराईट म्हणा, व्हीगन लेदर म्हणा, बोलताना ते रेक्झिनच.

आणि दोन्ही सापडलं तर चक्रावू नका. बऱ्याच गाड्यांत पाठ आणि मांडी टेकते तेवढ्या पट्ट्याला चामडं असतं; बाजू, सीटची मागची बाजू आणि दाराचं पॅड रेक्झिनचं. कंपनी रंग आणि दाणा (वरची बारीक खरबरीत नक्षी) इतका जुळवते की आम्हालाही हात लावून बघावा लागतो.

फोटो टाका. तोवर काहीही लावू नका. डिश सोप नको, कोलिन नको, लिंबू तर अजिबात नको.

शिकाऊ_चालक

ब्रोशरवरून कळतं ना? माझ्या मित्राच्या बीएमडब्ल्यूच्या कागदावर 'सेन्साटेक' लिहिलंय.

टाकेदार

हो, तो कृत्रिमच. मर्सिडीजचं 'आर्टिको'ही तसंच, टोयोटाचं 'सॉफ्टेक्स'ही तसंच. नावं भारदस्त, पण जनावर नाही त्यात. वाईट असतं असं नाही हं. पोरंबाळं असलेल्या घराला मी स्वतः चांगलं रेक्झिनच सुचवतो.

जुनी_फियाट

रेक्झिन शब्द निघाला म्हणून अवांतर. रेक्झिन हे मुळात एका ब्रिटिश कंपनीच्या कापडाचं नाव. कापडावर रासायनिक लेप देऊन चामड्याचा आव आणायचा. कारखाना मँचेस्टरजवळच्या ज्या गावात होता त्याचं नाव हाइड. इंग्रजीत हाइड म्हणजे कातडं. नकली कातड्याच्या कारखान्याला असं गाव मिळावं!

आमच्या पद्मिनीच्या सीट लाल रेक्झिनच्या होत्या. एप्रिलमध्ये हाफ पँट घालून बसलं की उठताना मांडीची साल निघायची. वडील सीटवर टर्किशचा टॉवेल अंथरून बसायचे. निगा म्हणाल तर रविवारी ओलं फडकं आणि निरम्याचं पाणी. सीट वीस वर्षं टिकल्या. फाटल्या तेव्हा आतून काथ्या निघाला.

रानजाई

टॉर्च मारून बघितलं. मधल्या भागाच्या कडेला रेशे आहेत. बाजूच्या फुगवट्यांना मागे कापड आहे. म्हणजे अर्धनारीनटेश्वर. मधल्या भागाला बारीक भोकंही आहेत.

टाकेदार

वाटलंच होतं. आता मधल्या चामड्यावर, आडोशाच्या कोपऱ्यात, पाण्याचा एक थेंब ठेवा. तेल नसलेली जागा शोधा, हेडरेस्टच्या मागे वगैरे. मिनिटभर बघा. थेंब तसाच मोत्यासारखा बसून राहिला तर वर रंगाचा आणि लाखेसारखा पारदर्शक थर आहे. जिरून डाग गडद झाला तर चामडं उघडं आहे, मग गोष्ट वेगळी. तुमच्या वर्गातल्या गाडीत थेंब बसूनच राहणार, शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा.

म्हणजे तुमचा हात चामड्याला लागतच नाही, रंगाला लागतो. सगळी निगा त्या रंगाची. जाहिरातीत म्हणतात ना, चामड्याच्या आत खोलवर पोषण? थेंब आत जात नाही तिथे पोषण कुठून जाणार?

रसायनी

टाकेदारांना +१. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, थोडी भर घालते.

आबांचं काही चुकलं नाही. त्यांनी बरोबर औषध चुकीच्या रोग्याला दिलं, इतकंच. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्यावर रंगाचा बंद थर नसतो, रेशे उघडे असतात. तेल आत जातं, रेशे एकमेकांवर सरकायला लागतात, चप्पल मऊ होते, पाणी कमी पिते. गाडीचं चामडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. त्याला लागणारी चरबी टॅनरीतच, म्हणजे चामडं कमावतात तिथेच, पाजलेली असते, आणि नंतर वरून पॉलियुरेथेनचा थर देऊन दार बंद केलेलं असतं. तेल दाराबाहेरच थांबतं. तिथे धूळ धरतं, भोकांत आणि शिवणीच्या दोऱ्यात शिरतं.

खवट वासाचं कारणही तेच. खोबरेल नुसतं हवेने सहसा लवकर बिघडत नाही, पण ओल आणि बुरशी मिळाली की फुटतं. तुमच्याकडच्या जुलैत दोन्ही हजर. थोडक्यात, बुरशीला आयतं जेवण वाढलं गेलं. आणखी एक गंमत: खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. एसी जोरात लावलात तर सीटच्या भोकांत पांढरे कण दिसतील. ती बुरशी समजून घाबरू नका.

दुबईकर

टाकेदार, थोडा असहमत. मी इथे बारा वर्षं आहे. उन्हात उभ्या गाडीत इथे सीटला हात लावता येत नाही. दर तीन महिन्यांनी लेदर कंडिशनर, म्हणजे तेच पोषणवालं क्रीम, लावतो आणि माझी २०१४ची गाडी आतून अजून नव्यासारखी आहे. न लावणाऱ्या शेजाऱ्याच्या सीटला भेगा पडल्यात.

टाकेदार

तुमचा शेजारी गाडी सावलीत लावतो का?

दुबईकर

नाही, त्याला कव्हर्ड पार्किंग नाही. आता लक्षात आलं तुम्ही कुठे निघालात ते :)

टाकेदार

हेच. काचेवर सनशेड, सावलीतली जागा, यांनी जितकं काम होतं त्याच्या पावपटही कंडिशनर करत नाही. तरी कोरड्या हवेत, तुमच्याकडे किंवा आमच्या विदर्भात, वर्षातून दोनदा पातळसा हात मारायला माझी हरकत नाही. चामडं हवेतून ओल घेतं आणि हवेला परत देतं. चिपळूणच्या हवेत ते सुकून मरणार नाही. तिथे भीती उलटी.

वऱ्हाडी_ठेचा

विदर्भाचं नाव निघालं म्हणून हजेरी. अकोल्यात मे महिन्यात ४५ अंश असते भाऊ. गाडी उघडली की आतून भट्टीचा श्वास येते. काळी फिल्म लावून सुटका होईल काय?

वकीलसाहेब

काळी फिल्म विसरा. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी आणली. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. सनशेड घ्या, पार्क करताना लावायची. तिला कोणी पावती फाडत नाही.

रानजाई

थेंब मोत्यासारखा बसून राहिला. पाच मिनिटं बघत होते, आबाही शेजारी येऊन उभे राहिले. ते म्हणाले, 'मग हे कातडं न्हवंच की, ह्यो तर ऑइलपेंट.' दोन दिवसांनी बोललेलं पहिलं वाक्य.

आता पुढे सांगा.

टाकेदार

आबांना आमच्या दुकानात नोकरी.

आता नीट वाचा. घाई केलीत तर रंग जाईल.

आधी बुरशी. पाऊस थांबलेला असेल असा दिवस बघा. गाडी शेडबाहेर काढा, चारी दारं आणि डिकी उघडा. तोंडाला मास्क लावा. कोरड्या ब्रशने घासू नका, ती धूळ उडून छताच्या कापडात जाऊन बसते. व्हॅक्यूम असेल तर आधी वरवर फिरवा. मग अर्धं पाणी, अर्धं पांढरं व्हिनेगर, त्यात फडकं बुडवून घट्ट पिळा आणि पुसा. फडक्याची घडी सारखी बदला, नाहीतर इथली बुरशी तिथे नेऊन लावाल. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने परत एकदा.

मग तेल. कोरड्या मायक्रोफायबरने जेवढं वर आहे तेवढं टिपून घ्या. शिवणीवर टिश्यू पेपर घडी करून बोटाने दाबून धरा, उन्हाने सीट जरा कोमट झालेली असताना. टिश्यू पारदर्शक होईल, बदला, परत दाबा. कंटाळवाणं काम आहे. एफएमवर जुनी गाणी लावा.

आणि मग खरी धुलाई. लेदर क्लीनर म्हणून मिळतो तो सौम्य, पाण्यासारखा पातळ घ्या. चकाकी देणारा, दुधाळ, 'टू इन वन' लिहिलेला नको. क्लीनर सीटवर ओतायचा नाही, ब्रशवर घ्यायचा. तुमच्या सीटला भोकं आहेत, ओतलेलं सगळं खाली स्पंजात जाईल आणि महिनाभर कुबट वास येईल. ब्रश मऊ केसांचा, दाढीच्या ब्रशपेक्षा जरा कडक इतपत. एका वेळी एक वीतभर जागा, गोल गोल, जोर न लावता. फेस आधी पांढरा येईल, दहा-बारा फेऱ्यांनी राखाडी होईल. तो राखाडी म्हणजे दाण्यांच्या फटीत बसलेला मळ. तो वाळायच्या आत पिळलेल्या फडक्याने उचला. उचला म्हणतोय, पसरवा नाही.

बाजूच्या रेक्झिनलाही हेच चालेल.

सीट साफ झाली हे कसं ओळखाल? चमक गेली की. नवीन गाडीची सीट मंद असते, मॅट. लोकांना चमकणारी सीट स्वच्छ वाटते. तो तेलकटपणा असतो. बोट फिरवलं तर किंचित अडकल्यासारखं वाटलं पाहिजे.

फडक्यावर बेज रंग यायला लागला तर थांबा. तो मळ नाही, तो तुमचा रंग.

शिकाऊ_चालक

तो पांढरा मॅजिक स्पंज वापरला तर? व्हिडिओत एका फेरीत डाग जातो.

टाकेदार

जातो, कारण तो बारीक पॉलिश पेपर आहे. डागाबरोबर वरचा थरही जातो. पुढचा डाग मग दुप्पट खोल बसतो.

रसायनी

साबण का नको, त्याचा घरगुती पुरावा देते. पांढऱ्या कपड्यावर वरण सांडलं आणि साबण लावला की हळदीचा पिवळा डाग लाल होतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. कारण हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. म्हणजे हळद सांगतेय की साबण अल्कधर्मी आहे. चामडं थोडं आम्लधर्मी असतं, त्याला ही अल्कली मानवत नाही. वरचा थर शाबूत असेल तोवर फार बिघडत नाही, पण जिथे भेगा आहेत, शिवणीची भोकं आहेत, तिथून ती आत जाते आणि चामडं हळूहळू कडक होतं.

नवीन गाडीच्या पूजेला स्टिअरिंगवर हळदकुंकवाची बोटं उमटवतात, तिथेही हेच. लगेच पाण्याच्या फडक्याने टिपा, साबण नको. हळदीचा पुसट डाग उरला तर काचेतून ऊन येईल अशी गाडी उभी करा, उन्हाने तो आपोआप उतरतो. कुंकू मात्र कशाचं केलंय त्यावर आहे, तिथे हमी नाही.

दुबईकर

पण आत्ता वर सनशेड लावा म्हणत होतात :)

रसायनी

एक दिवस काढा हो!

सोसायटी_सेक्रेटरी

माझंही एक दुखणं. २०२०मध्ये मी भीतीपोटी रोज स्टिअरिंगवर आणि दाराच्या हँडलवर सॅनिटायझर फवारायचो. चारेक महिन्यांत स्टिअरिंग चिकट झालं, मग पापुद्रे सुटायला लागले. आता गोधडीसारखं दिसतंय. यावर लेदर क्रीम चालेल का?

टाकेदार

नाही. ७० टक्के अल्कोहोल रोज बसलं, वरचा थर फुगून सुटला. त्या वर्षी आमच्याकडे स्टिअरिंगची रांग लागली होती. क्रीमने पापुद्रा चिकटत नाही. नवीन चामडं शिवून घ्या, हाताने टाका मारून देतात, दिवसभराचं काम. आणि स्टिअरिंगला तेल-क्रीम कधीच नको, कोणीही. वळणावर हात सटकला तर? रानजाई ताई, तुमचं स्टिअरिंग सगळ्यात आधी साफ करा, सीट नंतर.

हिशेबनीस

त्या साडेनऊ हजारांबद्दल कोणीच बोललं नाही. सिरॅमिक कोटिंग सीटला लावतात म्हणजे नक्की काय? दगड?

टाकेदार

पातळ संरक्षक थर असतो. फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. फिकट सीट आणि रोज नवी जीन्स, असा संसार असेल तर उपयोग होतो. जीन्सची नीळ आधी त्या थरावर बसते, पुसता येते. थर नसेल आणि नीळ सहा महिने मुरली तर ती रंगातच उतरते, मग क्लीनर हात टेकतो आणि आमच्याकडे यावं लागतं, रंग मारायला. पण तेलकट, बुरशी आलेल्या सीटवर आधी कोटिंग मारणं म्हणजे ओल्या भिंतीला डिस्टेंपर. साफ कोण करणार, किती वेळ लावणार, ते विचारा. दोन तासांत गाडी देतो म्हणाला तर निघून या.

रानजाई

मंडळी, अपडेट. दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी पाऊस आला म्हणून चारी दारं उघडी टाकून अंगणात धावत सुटलो, त्याची गोष्ट वेगळी.

बुरशी गेली. आधी स्टिअरिंग केलं, आता हात सटकत नाही. मग सीट. तेल तीन वेळा धुवावं लागलं. टिश्यूचं काम आबांनी घेतलं अंगावर, खुर्ची टाकून गाडीच्या दारात बसायचे, एकेका टाक्यावर टिश्यू दाबत. दीड बॉक्स संपले. शिवणीची काळी रेघ ऐंशी टक्के गेली, दोरा मात्र पिवळट राहिलाय. ड्रायव्हर सीटच्या उजव्या फुगवट्यावर, चढता-उतरता घासतं तिथे, फडक्यावर जरा बेज आलं. तिथेच थांबले.

खालच्या मॅटही उचलल्या. ड्रायव्हरशेजारच्या मॅटखालचं कार्पेट ओलं होतं! म्हणजे सगळं खापर तेलावर नाही.

टाकेदार

शाब्बास. फुगवट्याला आता हात लावू नका, ती घासून घासून झालेली झीज आहे, पुण्याला आलात की तेवढाच तुकडा रंगवून देतो. उतरताना फुगवट्यावरून घसरत उतरू नका, आधी दोन्ही पाय बाहेर काढा, मग उठा. दोरा तसाच राहणार, तो तेल प्यायलाय.

ओल्या कार्पेटसाठी एसीची पाणी जायची नळी बघा. कचऱ्याने तुंबली की पाणी बाहेर पडायच्या ऐवजी आत येतं, आणि बहुतेक वेळा त्याच बाजूला. मेकॅनिकचं पाच मिनिटांचं काम. केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळतो तो) त्याच वेळी बदला, बुरशी त्यातही असते. आणि गणपतीपर्यंत गाडी उभी ठेवायची झाली तर दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं एसी चालवा, आतली हवा कोरडी होते.

उंडगा

कंडिशनर लावायचा की नाही, याचा निकाल लागलाच नाही. मी पॉपकॉर्न संपवून बसलोय.

टाकेदार

ताईंनी सहा महिने काही लावू नये. दुबईकरांनी लावावं, त्यांना बरं वाटतं.

दुबईकर

:)

रानजाई

नळी तुंबलेलीच होती. मेकॅनिकने तार घालून काढली, तांब्याभर पाणी भसकन खाली आलं. एकच उरलं: सीटबेल्टला अजून वास येतोय. आबांनी बेल्टलाही लावलं होतं, हे आज कळलं.

टाकेदार

बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, वरच्या बाजूला कपड्याचा चिमटा लावा म्हणजे परत आत जाणार नाही. कोमट पाण्यात सौम्य साबण, मऊ ब्रश, विणीच्या दिशेने. इथे साबण चालतो, हे चामडं नाही. ब्लीच बिलकूल नको, पट्टा कमजोर होतो. चिमटा तसाच ठेवून रात्रभर वाळू द्या. ओला आत गेला तर पुढच्या धाग्यात भेटू.